हॅडली टाऊनशिप, पाइक काउंटी, इलिनॉय : मक्याच्या रानातलं एक गाव

रेवा_पिओरिया

मागच्या ऑक्टोबरात आम्ही बॅरी गावाकडे गेलो होतो. पिओरियाहून अडीच तास. येताना नवऱ्याने हायवे सोडून आतल्या रस्त्याला गाडी घातली आणि मला एक जागा सापडली. तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

टाऊनशिप म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे टॉवर, क्लबहाऊस आणि गेटवरचा वॉचमन येतो. इथली टाऊनशिप म्हणजे आधी कागदावर आखलेला आणि मग जमिनीवर उतरवलेला एक चौकोन. सहा मैल लांब, सहा मैल रुंद. त्याचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर, त्याला सेक्शन म्हणतात. सेक्शनचे नंबर ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात. पश्चिमेकडे एक ते सहा, मग एक ओळ खाली उतरून पूर्वेकडे सात ते बारा. नांगराचं तास संपलं की बैल वळतात, अगदी तसे. सोळा नंबरचा सेक्शन शाळेसाठी राखून ठेवलेला असे, तो विकून किंवा खंडाने देऊन शाळेचा खर्च भागवायचा. १७८५ च्या कायद्याने ही पद्धत ओहायोच्या पूर्व कडेला सुरू झाली आणि पश्चिमेकडे सरकत गेली. विमानातून खाली जी गोधडी दिसते ना, चौकोनाला चौकोन जोडलेली, ती हीच.

हॅडलीचा पत्ता आहे 'चार दक्षिण, पाच पश्चिम'. इलिनॉय नदी मिसिसिपीला मिळते तिथून उत्तरेकडे एक रेषा काढली आहे, आणि बीअर्ड्सटाऊन गावातून एक आडवी. त्या आडव्या रेषेपासून खाली चौथा चौकोन, उभ्या रेषेपासून डावीकडे पाचवा. अशा पत्त्यावर माणूस जमीन न बघता विकत घेऊ शकत होता, आणि लोक तशी घेतही होते.

पाइक काउंटी म्हणजे दोन नद्यांमधला दुआब. पूर्वेला इलिनॉय, पश्चिमेला मिसिसिपी. मध्य इलिनॉयची ती ताटासारखी सपाट जमीन इथे नाही. वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक पिवळसर मातीच्या टेकड्या, मधून ओढे. हॅडली क्रीक त्यातलाच एक. रस्ता सेक्शनच्या रेषेवरून सरळ धावत असतो आणि अचानक ओढा आला की लचकतो, खाली उतरतो, पूल ओलांडतो आणि पुन्हा रेषेवर येतो. त्या लचकण्यात मला फार मौज वाटली. आज इथे मका, सोयाबीन आणि डुकरं.

आता मूळ गोष्ट. या टाऊनशिपमध्ये १८३६ साली एका माणसाने गावाचं प्लॉटिंग केलं. ४२ एकर, १४४ प्लॉट, मेन स्ट्रीट आणि ब्रॉडवे अशा दोन मुख्य रस्त्यांसकट. नकाशा काउंटीच्या दप्तरी रीतसर नोंदवला. गावाचं नाव न्यू फिलाडेल्फिया. तो माणूस जन्माने गुलाम होता. नाव फ्रँक. अमेरिकेत यादवी युद्धाच्या आधी कृष्णवर्णीय माणसाने आखून कायदेशीर नोंदवलेलं हे पहिलं गाव मानतात.

फ्रँक १७७७ मध्ये साउथ कॅरोलायनात जन्मला. आई पश्चिम आफ्रिकेतून आणलेली, बाप बहुधा मालकच. १७९५ मध्ये मालकाने त्याला केंटकीत नेलं. तिथे तो मालकाला ठरलेली रक्कम देऊन स्वतःचे दिवस मोकळे करून घ्यायचा आणि त्या दिवसांत बाहेर काम करायचा. पुढे त्याने सोरा काढायला सुरुवात केली. केंटकीच्या गुहांतली माती धुवायची, पाणी आटवायचं, सोरा उरतो. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक. ब्रिटनबरोबरच्या १८१२ च्या युद्धात सोऱ्याचा भाव चढला. त्या पैशातून त्याने १८१७ मध्ये ८०० डॉलर मोजून बायकोला, लुसीला, सोडवलं. दोन वर्षांनी आणखी ८०० डॉलर देऊन स्वतःला. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता.

१८३० मध्ये त्याने पाइक काउंटीतला १६० एकरांचा तुकडा न बघताच घेतला आणि १८३१ च्या वसंतात कुटुंब घेऊन हॅडलीत आला. काही मुलं अजून केंटकीत मालकाकडेच होती. १८३६ मध्ये त्याने सरकारकडून सव्वा डॉलर एकराने ८० एकर घेतले, त्यातल्या ४२ एकरांवर गाव पाडलं. प्लॉट विकायचे आणि आलेल्या पैशातून मुलं-नातवंडं सोडवायची, हाच त्यामागचा हेतू. स्वतःसकट पंधरा-सोळा जणांचं स्वातंत्र्य त्याने विकत घेतलं, सुमारे १४ हजार डॉलर देऊन.

मी गेले तेव्हा तिथे गवत होतं, गवतातून कापलेली पायवाट होती, माहितीच्या पाट्या होत्या. शेजारच्या शेतात कंबाइन चालू होतं आणि मक्याचा भुसा वाऱ्यावर आमच्या अंगावर येत होता. गाव मात्र नाही.

---

मोजणीदार

रेवाताई, फार छान लिहिलंत. मी भूमी अभिलेख खात्यात ३४ वर्षं मोजणीचं काम केलं, म्हणून दोन शब्द लिहितो.

तो चौकोन ज्या साखळीने मोजला ती गंटरची साखळी, ६६ फुटांची. ८० साखळ्या म्हणजे एक मैल. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आमच्याकडे मुंबई इलाख्याच्या मोजणीत साखळी ३३ फुटांची, म्हणजे बरोबर अर्धी, आणि तिचे सोळा आणे. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आपल्या बापजाद्यांनी ज्या गुंठ्यावरून बांधाला बांध लावून भांडणं केली, तो गुंठा आणि इलिनॉयचा तो सेक्शन एकाच मापातून निघालेले आहेत.

दुसरं म्हणजे साल. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट आमच्या इंदापूर तालुक्यात मोजणी आणि आकारणी करत होते. त्यावरूनच पुढे सगळ्या इलाख्याची पद्धत बसली. पण फरक बघा. आमच्याकडे शेत आधी होतं, बांध आधी होता, कसणारा आधी होता. मोजणीदाराने जाऊन आहे ते मोजलं, नंबर दिला. म्हणून आपले सर्व्हे नंबर वाकडेतिकडे, ओढ्याच्या कडेने फिरणारे. तिकडे रेषा आधी आली आणि शेतकरी मागाहून.

कोपऱ्याच्या खुणा कशाच्या केल्या होत्या, दगड का?

---

रेवा_पिओरिया

काका, गुंठ्याचं गणित मला अजिबात माहीत नव्हतं! आजोळी आयुष्यभर गुंठे ऐकत आले आणि कधी विचारलं नाही की ३३ च का.

खुणा : जिथे रान होतं तिथे कोपऱ्याजवळच्या झाडांवर कुऱ्हाडीने साल सोलून खूण करायचे. त्यांना साक्षीदार झाडं म्हणतात. कोपऱ्यापासून झाड किती लांब, कोणत्या दिशेला, कोणत्या जातीचं, बुंधा किती जाड, हे सगळं वहीत लिहायचं. जिथे नुसतं गवताळ माळ तिथे खुंटी ठोकून मातीचा ढिगारा. या वह्या अजून आहेत, आणि दोनशे वर्षांपूर्वी कुठे ओकचं रान होतं आणि कुठे माळ, हे शास्त्रज्ञ त्यावरूनच ठरवतात.

---

बांधावरून

'रेषा आधी आली आणि शेतकरी मागाहून' हे वाक्य मला खटकलं, काका. रेषेच्या आधी तिथे कुणीच नव्हतं का? मूळ रहिवाशांचं काय झालं? ही गोष्ट सांगताना ते सुटायला नको.

---

अनय_सेंटलुईस

बांधावरून, योग्य विचारलंत. ते इथे होतेच. साउक आणि मेस्क्वाकी, ज्यांना फॉक्सही म्हणत, त्यांच्याकडून १८०४ मध्ये इथेच सेंट लुईसला एक करार करून घेतला गेला. विल्यम हेन्री हॅरिसन सरकारच्या बाजूने होता. सही करणाऱ्या मोजक्या लोकांना सगळ्या जमातीच्या वतीने जमीन देण्याचा अधिकारच नव्हता, असं साउक लोकांचं म्हणणं होतं आणि त्यांचा नेता ब्लॅक हॉक शेवटपर्यंत तेच सांगत राहिला. १८३२ मध्ये तो आपल्या माणसांना, बायकामुलांना घेऊन मिसिसिपी ओलांडून परत आला, त्यातून लढाई झाली आणि शेवटी मोठं हत्याकांड.

आणि दोन नद्यांमधला हा पट्टा 'मिलिटरी ट्रॅक्ट' म्हणून बाजूला काढला होता. १८१२ च्या युद्धातल्या शिपायांना प्रत्येकी १६० एकर बक्षीस. बहुतेक शिपाई इकडे फिरकलेच नाहीत, त्यांनी कागद पूर्वेकडच्या दलालांना स्वस्तात विकून टाकले. फ्रँक आला तेव्हा ब्लॅक हॉकची लढाई व्हायची होती. एका माणसाला गुलामीतून सुटायला जी जमीन मिळाली ती दुसऱ्यांकडून नुकतीच काढून घेतलेली होती. मला या दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच ही टाऊनशिप समजते.

---

बांधावरून

धन्यवाद अनय. हेच हवं होतं.

---

सोनचाफा

रेवा, त्याने स्वतःच्या आधी बायकोला का सोडवलं? स्वतः मोकळा झाला असता तर जास्त कमावू शकला असता ना?

---

रेवा_पिओरिया

सोनचाफा, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुढे वाचूच शकले नाही.

कायदा असा होता की मूल आईच्या मागे जातं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणीही असो. १८१७ मध्ये लुसीला दिवस गेले होते. तिला एप्रिलमध्ये सोडवलं आणि सप्टेंबरमध्ये स्क्वायर जन्मला, त्यांच्या घरातलं पहिलं जन्मतः स्वतंत्र मूल. फ्रँकने स्वतःला आधी सोडवलं असतं तर स्क्वायर मालकाच्या मालमत्तेत जमा झाला असता आणि पुढे त्यालाही विकत घ्यावं लागलं असतं.

त्याच्या आधीची मुलं तशीच अडकलेली. मोठा मुलगा, तोही फ्रँक, कॅनडात पळून गेला. त्याला मोकळेपणी परत येता यावं म्हणून १८२९ मध्ये बापाने सोऱ्याचा सगळा धंदा मालकाला देऊन टाकला. धंदा दिला, मुलगा घेतला. त्यानंतर १८३५ मध्ये सॉलोमन. १८५४ मध्ये फ्रँक वारला तेव्हाही काही नातवंडं केंटकीत होती. त्यांच्यासाठी त्याने मृत्युपत्रात तजवीज करून ठेवली आणि मागे राहिलेल्यांनी ती पार पाडली.

---

तिसरा_पहर

एक शंका मांडतो, राग मानू नका. माणसाचे पैसे मालकाला मोजणं म्हणजे तो मालक आहे हे मान्य करणंच नाही का? त्याच काळात कितीतरी लोक पळून जात होते, पळणाऱ्यांना मदत करत होते. १४ हजार डॉलर शेवटी गुलामांच्या मालकांच्या खिशात गेले.

---

रेवा_पिओरिया

राग कशाला. त्या काळातही हा वाद होता.

पण फ्रँकच्या जागेवरून बघा. पळून आलेला माणूस इलिनॉयमध्ये सुरक्षित नव्हता. राज्यात गुलामगिरीला बंदी होती, पण काळ्या माणसाकडे स्वतंत्र असल्याचा कागद हवा, काउंटीत राहायचं तर हजार डॉलरचा जामीन हवा, असे कायदे होते. पश्चिमेला वीस-पंचवीस मैलांवर मिसिसिपीच्या पलीकडे हॅनिबल, म्हणजे मिसूरी, म्हणजे गुलामगिरीचं राज्य. माणसं पळवून नदीपार विकणाऱ्या टोळ्या होत्या. १८५० च्या कायद्यानंतर तर कुठल्याही राज्यातून पळालेल्याला धरून नेता येत होतं. कागद असलेल्या माणसाला निदान कोर्टात उभं राहायला जागा होती.

म्हणून फ्रँकने आयुष्यभर कागद जमवले. केंटकी सोडताना तिथल्या गोऱ्या शेजाऱ्यांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला घेतला. १८३७ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाकडून स्वतःसाठी कायदा करून घेतला : नाव फ्रँक मॅकवर्टर, त्याला दावा लावता येईल, त्याच्यावर लावता येईल, जमीन घेता-विकता येईल. तोपर्यंत सगळे त्याला फ्री फ्रँक म्हणत, आडनावच नव्हतं.

आणि तो फक्त पैसेच मोजत बसला असं नाही. या घरातले मुलगे पळून आलेल्यांना कॅनडापर्यंत सोडून यायचे, ही त्यांच्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट आहे. त्याची खापरपणती जूलिएट वॉकर या इतिहासकार. त्यांनी काउंटीच्या दप्तरातून एकेक खरेदीखत काढून त्याचं चरित्र उभं केलं.

---

तिसरा_पहर

आडनावाच्या कायद्याची गोष्ट माहीत नव्हती. मान्य. मी वरचं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही, पण आता त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघेन.

---

मोजणीदार

रेवाताई, गावात राहायला कोण आलं? आणि गाव बुडालं कशाने?

---

रेवा_पिओरिया

काळे-गोरे दोन्ही. प्लॉट दोघांनी घेतले, घरं शेजारी-शेजारी. १८५० च्या शिरगणतीत ५८ माणसं. १८६५ मध्ये सुमारे १६०, तो गावाचा भराचा काळ. लोहार, चांभार, सुतार, गाड्यांची चाकं करणारा, दुकानदार, शिवणकाम करणाऱ्या बायका. यादवी युद्धानंतरच्या दशकात शाळाही एकच, काळी-गोरी मुलं एका खोलीत. त्या काळातल्या इलिनॉयमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. १८५३ मध्ये याच राज्याने बाहेरच्या काळ्या माणसाला राज्यात येऊन राहायलाच बंदी घातली होती आणि ती १८६५ पर्यंत टिकली.

बुडालं रेल्वेने. १८६९ मध्ये हॅनिबल-नेपल्स लाइन टाकली. ती पूर्वेकडून पश्चिमेकडे येताना न्यू फिलाडेल्फियाच्या वर उत्तरेला वळसा घालून पुढे बॅरीला जाते. स्टेशन गावाला मिळालं नाही. मग काय, दुकानदार स्टेशनकडे गेले, त्यांच्यामागे गिऱ्हाईक. उत्खनन करणारे क्रिस्टोफर फेनेल यांनी चढ-उतार आणि अंतर मोजून दाखवलं की वळसा सोयीचा नव्हता, आणि त्यांच्या मते तो वर्णद्वेषातून घातला गेला. मीही नकाशा पुढे घेऊन बसले. रूळ येतात, गावाजवळ येऊन पोटात कळ आल्यासारखे वाकतात आणि पुढे पुन्हा आपल्या वाटेला लागतात. माझं मत फेनेल यांच्या बाजूने आहे.

१८८५ मध्ये गावाची नोंद रद्द झाली. प्लॉटचं पुन्हा शेत झालं. थोडी घरं नंतरही तग धरून होती, मग तीही गेली.

---

नर्मदेकाठ

१८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. शाळेपासून हे वाचत आलोय. आणि इथे कळतंय की त्याच सुमारास त्याच देशात एका मुक्त माणसाचं गाव रेल्वेवाचून वाळत होतं. जोतीरावांना हे कळलं असतं तर त्यांनी फ्रँकवर अखंड रचला असता, असं मला मनापासून वाटतं.

---

सोनचाफा

अगदी! आणि लुसीवरही.

---

अनय_सेंटलुईस

शेतात गाव आहे हे परत कळलं कसं, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी तिथे काम केलेल्या एकांनी मला प्रत्यक्ष समजावलं होतं.

काउंटीच्या दप्तरात नकाशा होता, त्यामुळे जागा माहीत होती. पण गाव नेमकं कुठे कुठे वसलं होतं ते माहीत नव्हतं. २००२ च्या सुमारास शेत उथळ नांगरलं, पाऊस पडून माती धुऊन जाऊ दिली आणि मग माणसं ओळीने चालत गेली. खाली मान, हातात छोट्या झेंड्या. खापराचा तुकडा दिसला, झेंडी. खिळा, झेंडी. बाटलीची काच, झेंडी. संध्याकाळी लांबून बघितलं तर झेंड्यांचे पुंजके झालेले. जिथे पुंजका तिथे घर. मग खणलं तर दगडी पाये, तळघरं, विहीर, बटणं, मुलांच्या गोट्या. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या घरातल्या बशा बहुतेक सारख्याच, त्याच दुकानातून घेतलेल्या.

२००५ मध्ये जागा ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आली, २००९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये नॅशनल पार्क खात्याकडे देण्याचा कायदा झाला.

---

बांधावरून

आज टाऊनशिप म्हणून तिथे काय आहे? नुसता चौकोन का कारभारही?

---

रेवा_पिओरिया

कारभार आहे. १८५० च्या सुमारास या काउंट्यांनी टाऊनशिपचा कारभार सुरू केला. एक सुपरवायझर, रस्त्याचा एक कमिशनर, विश्वस्त. मुख्य काम म्हणजे खडीचे रस्ते : उन्हाळ्यात खडी, हिवाळ्यात बर्फ काढणं. अडल्यानडल्यांना थोडी मदत. वर्षातून एकदा एप्रिलमध्ये सगळ्या मतदारांची सभा, आपल्या ग्रामसभेसारखी, हात वर करून मतदान. माणसं कमी होत चालली आहेत. शेतं मोठी झाली, एकेका कुटुंबाकडे दीड-दोन हजार एकर आणि घरं ओस. रस्त्याने जाताना चार झाडं आणि पवनचक्कीचा सांगाडा दिसला की समजायचं, इथे वाडा होता.

---

मोजणीदार

ताई, एक विनंती. त्या गावठाणाचा मूळ नकाशा मिळाला तर इथे टाका. प्लॉट किती बाय किती?

---

रेवा_पिओरिया

६० फूट बाय १२० फूट, काका.

---

मोजणीदार

म्हणजे ७२०० चौरस फूट. सहा गुंठे आणि वर पावणेदहा आण्यांच्या आसपास. उत्तम. माणसाला घर, मागे परसबाग, एक गाय, सगळं बसतं. त्याने विचार करून पाडलेले प्लॉट आहेत. नकाशा बघायला मिळाला तर या वयात फार आनंद होईल.

---

सोनचाफा

आम्ही थँक्सगिव्हिंगला शिकागोहून सेंट लुईसला जातोय. मुलगी नऊ वर्षांची आहे. वाट वाकडी करून जावं का?

---

रेवा_पिओरिया

नक्की जा. स्प्रिंगफील्डहून ७२ नंबरचा हायवे धरायचा, बॅरीजवळ उतरायचं. गावाची पायवाट तासाभरात होते. वारा फार असतो, टोप्या न्या. फोनवर जुनी घरं जागच्या जागी उभी करून दाखवणारं अॅप आहे, मुलीला आवडेल. फ्रँक आणि लुसीची दफनभूमी त्याच परिसरात आहे. लुसी १८७० पर्यंत होती. तिने रेल्वे आलेली बघितली.

काका, नकाशा मिळाला. उद्या स्कॅन करून टाकते. मेन स्ट्रीट आणि ब्रॉडवे जिथे छेदतात त्या जागेवर मी उभी होते, पण तेव्हा मला माहीत नव्हतं. फोटो काढलाय, त्यात माझे बूट आणि गवत आहे. तोही शेजारी लावते.